घर सजवायचं, पण कोणाच्या आवडीनं?

मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला तुम्ही जाता. दिवाणखान्यात पाऊल टाकताच मनात येतं, ‘अगबाई, काय सुरेख ठेवलंय हिनं घर!’ पडदे, उशांचे अभ्रे, कोपऱ्यातली उंच फुलदाणी, सगळं कसं जिथल्या तिथे. परतताना रिक्षातच तुम्ही ठरवून टाकता, असेच पडदे आपणही करायचे. कापड येतं, शिवून होतं, पडदे लागतातही. आणि मग लक्षात येतं की काहीतरी बिनसलंय. कापड तेच, रंग तोच. पण तुमच्या खोलीत ते पडदे वाट चुकून आलेल्या पाहुण्यासारखे दिसताहेत.

दोष पडद्यांचा नसतो. मैत्रिणीच्या खिडकीतून सकाळचं कोवळं ऊन येतं, तुमच्या खिडकीतून दुपारचं रणरणतं. तिच्या घरात माणसं दोन, तुमच्याकडे सहा आणि वर एक मांजर. आणि मुख्य म्हणजे ते पडदे तिच्या आवडीचे होते. तुमची आवड काय, हे तुम्ही स्वतःला विचारलंच नव्हतं.

विचारून पाहा बरं! लग्नाला दहा-पंधरा वर्षं झालेल्या बाईला, ‘तुम्हाला स्वतःला घरात काय आवडतं हो?’ असं विचारलं तर बहुतेक वेळा ती क्षणभर गप्प होते. पलंग लग्नात आलेला. कपाट मामंजींनी घेतलेलं. सोफा ह्यांनी ऑफिसातल्या मित्राचा पाहून आणलेला. भिंतीचा रंग रंगाऱ्यानं सुचवलेला, घड्याळ कुणीतरी वास्तुशांतीला दिलेलं. या सगळ्यांवरची धूळ रोज पुसणारा हात मात्र तिचा! घरात सर्वात जास्त वावरणारी आणि घरासाठी सर्वात जास्त राबणारी जी, तिचीच आवड सर्वांत शेवटी विचारली जाते, किंवा विचारलीच जात नाही. म्हणून गृहसजावट हा निव्वळ हौसेचा किंवा रिकाम्या वेळेचा विषय आहे, असं समजू नका. ज्या चार भिंतींत तुमचा दिवस जातो, त्यांत तुमची काही खूण आहे की नाही, असा हा प्रश्न आहे.

आणि घाबरू नका. आवड शोधण्याच्या कामाला एक पैसा लागत नाही. ती बाहेर कुठे विकत मिळत नसते, ती तुमच्या घरातच असते. फक्त तिच्यावर इतरांच्या वस्तूंचा ढीग पडलेला असतो.

आधी पाहुणी होऊन पाहा

रोज पाहिलेल्या गोष्टी डोळ्यांना दिसेनाशा होतात. दारामागे तीन वर्षं लटकलेली फाटकी पिशवी पाहुण्याला लगेच दिसते, आपल्याला नाही. म्हणून एक दिवस, घरात कुणी नसताना, प्रत्येक खोलीच्या दाराशी उभं राहून मोबाइलवर एकेक फोटो काढा. आवराआवर अजिबात करू नका. जसं आहे तसं येऊ द्या. मग चहाचा कप घेऊन निवांत बसा आणि ते फोटो असे पाहा, जणू हे घर दुसऱ्याच कुणाचं आहे.

दोन गोष्टी आपोआप कळतील. नजर कुठे अडखळते ते, आणि नजर कुठे विसावते ते. अडखळण्याच्या जागा कागदावर लिहा : टीव्हीखालचं वायरींचं जंजाळ, टीपॉयवरची औषधं, शोकेसमधली दाटी. विसावण्याच्या जागाही लिहा, त्या कितीही लहान असोत. कदाचित खिडकीशी ठेवलेली तुळस असेल, पितळी डब्यांची फळी असेल, किंवा नुसता मोकळा भिंतीचा तुकडा असेल. ही दुसरी यादी जपून ठेवा. तुमच्या आवडीचा पहिला धागा त्यात आहे.

हे पाच प्रश्न स्वतःला विचारा

पहिला प्रश्न. समजा बदली झाली, आणि टेम्पोत दहाच वस्तू मावणार आहेत. भांडीकुंडी, कपडे सोडून तुम्ही कोणत्या दहा घ्याल? किमतीचा विचार करू नका, आधी मनात आलेल्या लिहून काढा. यादी झाली की पाहा, त्या लाकडाच्या आहेत की धातूच्या, जुन्या आहेत की नव्या, साध्या आहेत की नक्षीच्या. दहापैकी सहा-सात तरी एका जातीच्या निघतील.

दुसरा प्रश्न. रांगोळी काढायला बसलात की हात कुठे वळतो? ठिपके मोजून, चारी बाजू सारख्या करणारी रांगोळी तुम्हाला आवडते, की हात नेईल तशा वेली आणि मोर? ठिपक्यांची आवड असलेल्या बाईला घरातही जोडीनं मांडलेल्या वस्तू, सरळ रेषा, दोन्हीकडे सारख्या उशा बऱ्या वाटतात. मुक्तहस्त काढणारीला तीच मांडणी शाळेच्या रांगेसारखी वाटते. तिला एका बाजूला उंच झाड आणि दुसरीकडे बुटकं स्टूल असं आवडतं. यात चूक-बरोबर काही नाही.

तिसरा प्रश्न. गौरी-गणपतीत तुम्ही घर कसं सजवता? वर्षातले हेच दिवस असे, की सजावट करायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. तेव्हा तुम्ही फुलांकडे वळता, की कापडाच्या झालरींकडे, की दिव्यांच्या माळांकडे? की समई, चौरंग आणि दोन केळीचे खुंट एवढ्यावरच तुमचं मन भरतं?

चौथा प्रश्न. दुपारी सगळं आवरल्यावर दहा मिनिटं टेकायला तुम्ही घरात कुठे बसता? सोफ्यावर बसणाऱ्या बायका कमीच निघतील. कुणी उंबऱ्याशी, कुणी झोपाळ्यावर, कुणी स्वयंपाकघरातल्या पाटावर. जिथे आपोआप बसता, तिथे काय आहे? वारा, उजेड, एकांत, की रस्त्यावरची वर्दळ? जे असेल ते तुम्हाला घरभर हवं आहे.

पाचवा प्रश्न जरा अवघड आहे. घरातली कोणती वस्तू तुम्हाला मनापासून आवडत नाही, पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून तुम्ही ती ठेवली आहे? उत्तर कुणाला सांगू नका हवं तर. पण स्वतःला सांगा.

तुमचे रंग साडीच्या कपाटात आहेत

रंगांच्या दुकानात गेलं की शेकडो छटांचं ते पुस्तक पाहून डोकं गरगरतं. त्याआधी आपलं साडीचं कपाट उघडा. रंगांबाबत आपण बायका अडाणी मुळीच नाही. अंजिरी आणि आमसुली यांतला फरक आपल्याला दुरून कळतो. मोरपंखी, चिंतामणी, डाळिंबी, गुलबक्षी, शेवाळी, पिस्ता, मोतिया, बदामी, विटकरी, पारवा... इतकी नावं आपल्या भाषेत आहेत, ती काय उगीच?

आता लग्नाकार्यात आलेल्या, घडी न मोडलेल्या साड्या बाजूला सारा. ज्या पुन्हापुन्हा नेसून मऊ झाल्या, ज्या विरल्या तरी टाकवत नाहीत, त्याच बाहेर काढा आणि पलंगावर शेजारीशेजारी पसरा. बहुधा तीन-चारच रंग वारंवार दिसतील. ते तुमचे रंग. कुणी सांगितलं नाही, कुणाचं पाहून घेतलं नाही. अंगाला आणि मनाला मानवले म्हणून राहिले.

ते घरात वापरायचे कसे, हेही साडीच सांगते. साडीला अंग असतं, काठ असतो आणि पदर असतो. अंगाचा रंग सर्वात जास्त आणि सहसा शांत. काठ त्याला आधार देणारा. पदरावर मात्र सगळी हौस. अंगभर पदरासारखी नक्षी असती तर साडी नेसवली असती का? घराचंही तसंच. भिंती आणि मोठं सामान म्हणजे अंग, पडदे आणि सतरंजी म्हणजे काठ, उशांचे अभ्रे, एखादं चित्र, एखादी फुलदाणी म्हणजे पदर. सजावटीचे जाणकार साधारण ६०, ३० आणि १० असं हे प्रमाण सांगतात. आपल्याला त्यासाठी गणित नको, एखादी काठापदराची साडी डोळ्यांसमोर आणली की पुरे.

म्हणजे डाळिंबी रंग तुमचा जीव की प्राण असला, तरी चारही भिंती डाळिंबी करायच्या नाहीत. भिंती मोतिया किंवा बदामी, पडदे विटकरी छटेचे आणि डाळिंबी येऊ द्या तो दोन अभ्र्यांत. हौस फिटते, आणि कंटाळा आला तर अभ्रे बदलायला कितीसा खर्च?

भिंतीचा रंग ठरवताना मात्र छापील तुकड्यावर विसंबू नका. रंगाचा लहानात लहान डबा आणा, भिंतीवर दोन फूट लांब-रुंद पट्टा मारा, वाळू द्या आणि तो सकाळी, भरदुपारी आणि रात्री दिव्याखाली असा दोन दिवस पाहा. एकच रंग तीन वेळा तीन तऱ्हांचा दिसतो. तिन्ही वेळा आवडला तरच होकार द्या.

झटकायचं कोण?

आता सजावटीच्या पुस्तकांत सहसा न येणारा एक प्रश्न. तुम्हाला आवडलेली वस्तू रोज पुसायची, झटकायची, घासायची कोण?

नक्षीदार कोरीव काम दिसतं झोकदार. पण त्या प्रत्येक पाकळीत धूळ बसते आणि ती जुन्या दात घासायच्या ब्रशानं काढावी लागते. तांब्यापितळेची भांडी मांडली तर ती चिंच-मीठ किंवा लिंबू लावून उजळावी लागतात. पांढरा सोफा आणि घरात पाच वर्षांचा मुलगा, यांचं कधी जमत नाही. काचेच्या टीपॉयवर प्रत्येक बोट उमटतं. म्हणून वस्तू आवडली की मनात तिच्याशेजारी एक आकडा लिहा : आठवड्याला किती मिनिटं? हा आकडा तुम्ही आनंदानं देणार असाल तर वस्तू घ्या. पितळ घासताना ज्यांना खरंच समाधान मिळतं, अशा बायका आहेत. पण दर शनिवारी कुरकुरत घासणार असाल, तर ती आवड दुसऱ्या कुणाची तरी आहे, तुमची नाही. शिवाय घर सगळ्यांचं असेल तर झटकणंही सगळ्यांचं, हेही या निमित्तानं घरात सांगून टाका.

दुसरी गोष्ट हवेची. मासिकातली खोली कुठल्या गावात आहे, हे चित्रात दिसत नाही. कोकणात पावसाळ्याचे चार महिने भिंती घामेजतात. तिथे मखमलीचे जाड पडदे आणि गालिचे कुबट वास धरतात, नकली चामड्याच्या सोफ्याचे पापुद्रे सुटतात. तिथे वेत, पक्कं लाकूड, पातळ सुती कापड यांचीच सोबत बरी. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो, तिथे पश्चिमेच्या खिडकीला दुहेरी अस्तराचा फिका पडदा किंवा वाळ्याचा पडदा हीच खरी सजावट. देशावर वाऱ्याबरोबर धूळ फार. तिथे उघड्या फळ्यांपेक्षा दारांची कपाटं सुखाची. आपल्या हवेला मानवेल ते घर शोभतं. उसनं आणलेलं नव्याचे नऊ दिवस टिकतं.

सासूबाईंचा हंडा आणि तुमची फुलदाणी

पुष्कळ जणी मनात म्हणत असतील, ‘हे सगळं खरं हो, पण घर काय माझं एकटीचं आहे? सासूबाईंच्या शोकेसला हात लावायची सोय नाही!’

मैत्रिणींनो, त्या शोकेसमागचा इतिहासही जरा समजून घ्या. वाड्यांतून गादी, लोड, तक्के आणि भिंतीतले कोनाडे असत. शोकेसची गरज नव्हती. चाळीत आणि ब्लॉकमध्ये आल्यावर कोनाडे गेले. गोदरेज कंपनीनं १९२३ पासून लोखंडी कपाटं बनवायला सुरुवात केली, आणि पुढे ते कपाट घरात येणं म्हणजे संसार मार्गी लागल्याची खूण झाली. काचेच्या शोकेसमध्ये मुलांचे कप, तीर्थयात्रेहून आणलेल्या मूर्ती, नातेवाइकांनी दिलेल्या बाहुल्या मांडल्या गेल्या. तुम्हाला ती दाटी वाटते. त्यांच्या लेखी ती काटकसरीनं उभ्या केलेल्या संसाराची वही आहे. तिच्यातलं पान फाडल्यासारखं त्यांना वाटलं, तर त्यांचं काय चुकलं?

म्हणून ‘काढून टाकू या’ असं म्हणू नका. ‘आई, तुमचा हा तांब्याचा हंडा माळ्यावर का म्हणून? आपण तो दाराशी ठेवू या, त्यात फुलं घालू या,’ असं म्हणून पाहा. अडगळीतली त्यांची वस्तू मानाच्या जागी आली, की शोकेसमधल्या आठ-दहा वस्तू खोक्यात जायला त्यांची हरकत राहत नाही. त्या खोक्यावर नाव लिहून तो जपून ठेवा आणि चार महिन्यांनी वस्तूंची अदलाबदल करा. एका वेळी पाचच वस्तू मांडल्या तर प्रत्येकीकडे लक्ष जातं. पन्नास मांडल्या तर एकही दिसत नाही.

जुन्याला नवं काम देणं ही तर आपली रीतच आहे. पाटा-वरवंटा बाल्कनीत झाडांशेजारी शोभतो. जुना चौरंग टीपॉय होतो. आईच्या, आजीच्या विरलेल्या लुगड्यांची गोधडी दिवाणावर घातली, तर बाजारातली कुठली चादर तिची बरोबरी करील? आणि ओटीत आलेले खण! प्रत्येकीच्या कपाटात त्यांची चळत असते. अस्सल खण विणला जातो तो कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला. आता कृत्रिम धाग्याचेही पुष्कळ मिळतात. शिवून न होणारे चार खण निवडा, काठ जुळवा आणि उशांचे अभ्रे शिवा. ज्यांनी ओटी भरली त्या सगळ्याजणी तुमच्या दिवाणखान्यात येऊन बसतील!

मात्र एक पथ्य. जुनं म्हणून सगळं ठेवायचं नाही. जिच्यामागे एखादी आठवण आहे, किंवा जिचा उपयोग आहे, तेवढीच वस्तू ठेवा. दोन्ही नसेल तर ती बोहारणीला किंवा भंगारवाल्याला द्या, आणि मन घट्ट करा.

कला आणा, पण ओळख करून घेऊन

हल्ली कपापासून पडद्यापर्यंत सगळीकडे वारली चित्रं छापलेली दिसतात. तुम्हाला ती आवडत असतील तर जरूर आणा. पण ती काय आहेत हे माहीत असलं की त्यांची जागाही नीट ठरते. पालघर, डहाणू, जव्हार या भागातल्या वारली समाजात लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर सवाष्ण बायका तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, त्यात पालघट देवी असते. म्हणजे ही मुळात तुमच्या-आमच्यासारख्या लग्न झालेल्या बायकांचीच कला. १९७० च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले. ही चित्रं मातीच्या, गेरूच्या भिंतीवर जन्मली. म्हणून विटकरी किंवा मातकट पार्श्वभूमीवर ती बोलतात, झगमगीत कागदाशेजारी मुकी होतात. छापील दहा वस्तूंपेक्षा कलावंताच्या हातचं एकच लहान चित्र आणलं, तर भिंत खरी सजते आणि पैसेही योग्य हातात जातात.

कोकणातल्या माणसांनी आपल्याकडेही असंच पाहावं. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आहे. ती जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गोल गंजिफे आहेत. गंजिफा रंगवण्याची कला मोडकळीला आली होती; १९७० च्या दशकात तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. सोलापूरची चादर, पुण्याच्या तांबट आळीतलं तांब्याचं काम, हे तर हाताशीच आहे. पण सगळं एकाच खोलीत मांडून प्रदर्शन भरवू नका. तुमच्या गावाशी, माहेराशी किंवा आठवणीशी ज्याचं नातं आहे असं एक निवडा. गोष्ट सांगता येईल अशी एक वस्तू, भिंतभर वस्तूंपेक्षा भारी.

आणि चित्र लावताना उंची पाहा. आपण ती उभ्यानं खिळा ठोकून लावतो, आणि मग बसलं की मान वर करावी लागते. खोलीत माणसं बहुतेक बसलेली असतात. दिवाण किंवा भारतीय बैठक असेल तर चित्र नेहमीपेक्षा वीतभर खालीच लावा. भाड्याच्या घरात खिळे चालत नसतील तर ते फळीवर किंवा कपाटावर टेकवून ठेवा. तेही छान दिसतं.

दिवे बदला, खोली बदलेल

थोड्या पैशांत घराचा चेहरा बदलणारी गोष्ट कोणती असेल तर उजेड. बहुतेक घरांत मधोमध एक पांढराशुभ्र दिवा असतो आणि रात्री सगळ्यांचे चेहरे दवाखान्यात बसल्यासारखे दिसतात. एलईडी दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर, उबदार उजेड. ६५०० म्हणजे पांढरा, निळसर झाक असलेला. अभ्यासाच्या टेबलाशी आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर स्वच्छ पांढरा असावा. बसायच्या आणि निजायच्या खोलीत उबदार. पूर्वीच्या ६० वॅटच्या बल्बइतका उजेड साधारण ९ वॅटच्या एलईडीत मिळतो, म्हणून वीजबिलाची धास्ती नको. एका मोठ्या दिव्याऐवजी दोन लहान, वेगवेगळ्या उंचीवर लावले, की कोपरे जिवंत होतात. तुमचा विसाव्याचा कोपरा आठवतो ना? पहिला उबदार दिवा तिथे.

बाजारात जाण्यापूर्वी

इतकं झाल्यावरच दुकानाची पायरी चढा, आणि पर्समध्ये टेप ठेवा. दुकानाच्या मोठ्या दालनात सोफा लहान वाटतो, घरी येऊन तो दार अडवतो. घ्यायची वस्तू लांबी-रुंदी मोजून आधी घरच्या फरशीवर खडूनं आखा. आखलेल्या चौकोनाभोवती दोन दिवस वावरून पाहा. येण्याजाण्याच्या वाटेला तीन फूट आणि सोफा-टीपॉयमध्ये दीड फूट तरी उरतात का? हातात ताट घेऊन, कडेवर मूल घेऊन चालून पाहा. पंगतीला दहा माणसं बसवायची झाली तर ही वस्तू कुठे सरकेल, तेही पाहा.

पडद्यांचा हिशेबही घरीच करा. चुण्या नीट पडायला कापडाची एकूण रुंदी खिडकीच्या दीडपट ते दुप्पट लागते. खिडकी चार फूट रुंद, चार फूट उंच असेल, दांडी सहा इंच वर आणि पडदा सहा इंच खाली, तर लांबी पाच फूट झाली. वरखाली दुमडायला एक फूट धरा. चार फूट पन्ह्याचे असे दोन पडदे म्हणजे बारा फूट कापड. सुती कापड आटतं, म्हणून थोडं जास्तीचं, साधारण ४ मीटर घ्या. आणि शिवण्यापूर्वी भिजवून वाळवून घ्यायला विसरू नका.

एक कोपरा, एक महिना

सगळं घर एका दिवाळीत बदलायला जाऊ नका. खर्च हाताबाहेर जातो, घरात वादावादी होते, आणि आवड कुठली आणि उत्साह कुठला हेच कळेनासं होतं. एकच कोपरा घ्या. घरखर्चातून झेपेल तेवढी एक रक्कम ठरवा आणि तिच्यापुढे जायचं नाही असं मनाशी पक्कं करा. अंथरूण पाहूनच पाय पसरावेत.

पहिल्या आठवड्यात तिथलं फक्त काढा, नवं काही ठेवू नका. रिकामी जागा सोसायला शिका. ती भरायची घाई होते, ती आवरा. दुसऱ्या आठवड्यात घरातलीच एखादी वस्तू दुसरीकडून आणून ठेवा. तिसऱ्या आठवड्यात दिवा आणि कापड. विकत घ्यायचंच असेल तर चौथ्या आठवड्यात, एकच. महिनाअखेरीस त्याच दाराशी उभं राहून पुन्हा फोटो काढा आणि पहिल्या फोटोशेजारी ठेवा. फरक तुमचा तुम्हालाच दिसेल, आणि पुढच्या कोपऱ्याचं कसं करायचं हेही सुचेल.

घरातली मंडळी सुरुवातीला हसतील. ‘आज काय नवीन खूळ?’ असं म्हणतील. म्हणू द्या. संध्याकाळी त्या कोपऱ्यात दिवा लागला, की बघा, आधी मुलं तिथे पुस्तक घेऊन बसतील, मग हे वर्तमानपत्र घेऊन येतील आणि सासूबाई जपमाळ. तुम्हाला जागा उरणार नाही कदाचित! पण ती जागा कोणी निवडली, कोणाच्या रंगांनी सजली, हे सगळ्यांना ठाऊक असेल. तेव्हा मात्र हसत हसत, पण ठामपणे सांगा, ‘उठा पाहू जरा, ही माझी जागा आहे.’